पडवळ्यांच्या वंशावळीचं पहिलं पान

अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घरात सांभाळणं सोपं नसतं, हे शहापूरच्या ज्ञानेश्वर पडवळ्यांच्या घरच्यांना पहिल्या पंधरवड्यातच कळून चुकलं. अण्णांनी, म्हणजे ज्ञानेश्वररावांनी, किराण्याच्या यादीवर 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावी' असा शेरा मारला, दूधवाल्याकडे उशिराबद्दल लेखी खुलासा मागितला आणि सुनेने केलेल्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला 'असे निदर्शनास आले आहे की' अशी सुरुवात केली. त्यामुळे पडवळे कुलमंडळाने वंशावळीचा ग्रंथ छापायचा ठराव करून संपादक म्हणून अण्णांना नेमलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, रंगूबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवायची घाई झाली, असं त्यांना पुढे सहा महिने चहा गाळताना रोज वाटत राहिलं.

पडवळे मूळचे आवळेटेपचे. किन्हवलीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. कान्हा पडवळे नावाचा मूळपुरुष नाणेघाट उतरून तिथे आला आणि त्याच्या तीन मुलांच्या तीन पाती झाल्या: थोरली, मधली आणि धाकटी. होळीला पहिला नारळ कोणाचा, लग्नात पहिली हळद कोणाची, देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे सगळं या पातींवर ठरतं आणि त्यावरून दर वर्षी न चुकता भांडण होतं. म्हणून ग्रंथात कोणाचं घर कितव्या पानावर यायचं, हा प्रश्न मंडळाने पाच बैठका घेऊन सोडवला. पहिल्या पानावर मूळपुरुष. मग थोरली पाती, मग मधली, मग धाकटी. मंडळाचे अध्यक्ष कोंडूतात्या हे मुरबाडला राहणारे, थोरल्या पातीचे. त्यांना हा ठराव फार न्यायाचा वाटला. अण्णा धाकट्या पातीतल्या शेवटच्या घरचे होते. त्यांचं पान आलं तीनशे सत्त्याण्णव, आणि त्यानंतर थेट जाहिराती.

रंगूबाईंनी या सगळ्यात एकच गोष्ट मागितली होती.

"माझं नाव नीट घाला," त्या म्हणाल्या होत्या. "माहेरासकट. रंगू, माहेर धसई. येवढंच."

या मागणीला कारण होतं. रंगूबाईंचं नाव जन्मात कुठे छापून आलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्याने घोळ घातला आणि 'आमची कन्या' एवढंच उठलं. पुढे ज्या पत्रिका आल्या त्या 'श्री. ज्ञानेश्वर पडवळे सहकुटुंब' अशा. त्या सहकुटुंबात रंगूबाई अडतीस वर्षं नांदल्या. वंशावळीत बायकांची नावं माहेरासकट घालायची, ही कल्पना मुळात सून योगिनीची. मंडळाने ती 'जागा उरल्यास' या अटीवर मान्य केली होती. जागा भरपूर उरली, कारण पडवळ्यांच्या पराक्रमाबद्दल लिहिण्यासारखं फार काही निघालं नाही.

तर अण्णांनी कामाला हात घातला. मुलाने, किशोरने, कल्याणहून एक जुना संगणक आणून दिला होता. त्यावर अण्णांनी दोन बोटांनी चारशे अठरा पानं बडवली, आणि ती सगळी एकाच फाईलमध्ये. योगिनी वाशिंदच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करते, संगणकावरच तिचा दिवस जातो. ती म्हणाली, "बाबा, पातीप्रमाणे तीन फायली करा. आणि एक प्रत वेगळी ठेवा." अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक प्रकरण, एक फाईल," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी हेच केलं. दोन नकला निघाल्या की समजायचं, कुणीतरी पैसे खाल्ले." योगिनी गप्प बसली. ती हुशार मुलगी आहे.

आता खरी गंमत सुरू झाली. ग्रंथ तयार होतोय ही बातमी फुटली आणि शहापूर-मुरबाड पट्ट्यातले यच्चयावत पडवळे 'आपलं पान' बघायला येऊ लागले. एसटीने येत, जीपने येत, बाजाराला आलेले सहज डोकावत. सहज आलेला पडवळे दीड तास बसत असे, कारण अण्णांना त्याच्या पानापर्यंत पोहोचायचा एकच मार्ग ठाऊक होता. पहिल्या पानापासून माउसचं चाक फिरवत खाली जायचं. तीनशेव्या पानापर्यंत जायला अकरा मिनिटं लागत, तीही पाहुण्याने तोंड बंद ठेवलं तर. पाहुणा कशाला तोंड बंद ठेवतोय? वाटेत प्रत्येक घर लागे आणि प्रत्येक घरावर त्याचं काहीतरी म्हणणं असे.

"थांबा, थांबा, अण्णा. ह्यो तो बांध कोरनारा नाय का? ह्याला दोन पानं?"

"हिकडं वर घ्या जरा. ह्याची पयली बायको कुठं गेली?"

पाहुण्याचं पान येईस्तोवर दोन चहा होत. एकदा तर एका म्हाताऱ्याला दोनशे चाळिसाव्या पानावर डुलकी लागली, आणि अण्णांनी त्याच्या पानावर पोहोचून त्याला उठवलं तेव्हा त्याने आपल्या बापाचं नाव वाचून "हे कोन?" असं विचारलं. पाचव्या आठवड्यात माउसचं चाक निखळून पलंगाखाली गेलं.

अशा वेळी सल्ल्याला शेजारी असतोच. शेजारचे धोंडीराम हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जगातल्या कुठल्याही अडचणीकडे ते मुरबाड-कल्याण मार्ग समजून बघतात. त्यांनी दोन मिनिटं संगणकाचं निरीक्षण केलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमी स्टेजा नाय पाडल्यात. टप्पे पाडा. वयनी, टिकल्या हायत का?"

रंगूबाईंच्या टिकल्यांचं पाकीट आलं. पडद्याच्या उजव्या कडेला जी पट्टी खालीवर सरकते, तिच्या बाजूने धोंडीरामांनी टिकल्या डकवल्या. थोरल्या पातीला लाल, मधलीला हिरवी, धाकटीला जांभळी. पट्टी ओढून टिकलीसमोर आणली की पाती हजर. अण्णांना ही व्यवस्था फार आवडली. मात्र कोंडूतात्यांनी फोन करून आपल्या कार्याची माहिती नऊ पानांनी वाढवली आणि सगळी फाईल खाली सरकली. मधल्या पातीच्या टिकलीसमोर थोरल्या पातीची माणसं येऊ लागली आणि एका मानी गृहस्थाला आपण थोरल्यात गेलो असं वाटून त्याने पेढे वाटले. ते पेढे परत घेता येईनात. रंगूबाईंनी त्याच संध्याकाळी आपल्या टिकल्या काढून घेतल्या.

शेवटी एका रविवारी योगिनीने स्टूल ओढलं आणि अण्णांच्या शेजारी बसली. "बाबा, चाक लागतच नाही," ती म्हणाली. तिने कीबोर्डवर दोन बटणं एकदम दाबली आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर चारशे अठरावं पान आलं. आणखी दोन दाबली, मूळपुरुष हजर. "कंट्रोल आणि एंड म्हणजे शेवट. कंट्रोल आणि होम म्हणजे सुरुवात. कंट्रोल-जी दाबून पानाचा आकडा टाका, ते पान येतं. कंट्रोल-एफ दाबून नाव टाका, माणूसच येतो."

अण्णांचा चेहरा पडला. अकरा मिनिटांची वाट एका टिचकीत संपावी, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ज्या कचेरीत त्यांनी हयात घालवली तिथे कुठलीच गोष्ट जवळच्या वाटेने गेली नव्हती, आणि तशी जाऊ पाहणाऱ्या माणसाकडे संशयाने बघितलं जाई. शिवाय सुनेकडून शिकायचं म्हणजे काय? त्यांनी घसा खाकरला. "असं तोंडी चालत नाही," ते म्हणाले. "लेखी दे."

योगिनीने वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. कापायचं असेल तर कंट्रोल-एक्स, चिकटवायचं असेल तर कंट्रोल-व्ही, चुकलं तर कंट्रोल-झेड, जपून ठेवायला कंट्रोल-एस. अण्णांनी त्या पानावर तारीख घातली, 'परिपत्रक क्र. १' असं वर लिहिलं, आणि सुनेकडून नव्हे तर परिपत्रकाकडून शिकले. आठ दिवसांत त्यांची बोटं अशी चालू लागली की धोंडीराम मुद्दाम बघायला येऊन बसत.

एवढं सुरळीत झाल्यावर माणसाने गप्प बसावं. पण सोय झाली की तिच्या पोटातून नवी अडचण निघते. पूर्वी पाहुणा रखडत, डुलक्या घेत आपल्या पानावर पोहोचे आणि आलो एकदाचे म्हणून खूश होई. आता अण्णांनी नाव टाकलं की पान क्षणात समोर येई. प्रवासाची करमणूक गेली आणि पाहुण्याची नजर पहिली पडू लागली ती पानाच्या तळाशी असलेल्या आकड्यावर. मधल्या पातीचे गोमाकाका मुरबाडहून आले, त्यांनी तो आकडा बघितला आणि हातातली कपबशी खाली ठेवली.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी? आमी येवढं मागं? आमी काय वाटेवरनं आलोत?"

"काका, ठरावाप्रमाणे क्रम आहे."

"ठराव कोंडूचा. मला चा नको."

आलेल्या माणसाने चहा नाकारणं म्हणजे काय, हे सांगायला नको. अण्णा अस्वस्थ झाले. आणि मग त्यांच्या हाताला आपोआप जुनी सवय आठवली.

कचेरीत अण्णांच्या टेबलावर फायलींचा हातभर उंच गठ्ठा असे. ज्याचं काम आहे तो माणूस समोर येऊन उभा राहिला की अण्णा त्याची फाईल खालून ओढून गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवत. "तुमचंच बघतोय," असं म्हणत. माणसाला आपली फाईल वर दिसे, त्याचा जीव निवे, तो नमस्कार करून जाई. तो जिना उतरला की फाईल पुन्हा खाली. चौतीस वर्षांत हजारो माणसं या टेबलावरून समाधानाने परत गेली, आणि त्यांची कामं होती तिथेच राहिली. अण्णांना यात काही वावगं केल्यासारखं कधी वाटलं नाही. उलट निरोप समारंभात 'जनतेशी सौजन्याने वागणारे' असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं होतं.

तर गोमाकाकांच्या देखत अण्णांनी त्यांचं पान निवडलं, कंट्रोल-एक्स करून कापलं, कंट्रोल-होम करून फाईलच्या माथ्यावर गेले आणि कंट्रोल-व्ही करून चिकटवलं. मूळपुरुष कान्हा पडवळ्यांच्याही वर, पान पहिलं: गोमा पडवळे आणि परिवार, मुरबाड.

गोमाकाकांनी तीनदा वाचलं. डोळे पुसले. "कुणाला बोलू नका हां," अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मंडळात भांडणं लागतील." गोमाकाकांनी गळ्याची शपथ घेतली आणि चहा मागून घेतला. ते जीपमध्ये बसले असतील-नसतील तोच अण्णांनी कंट्रोल-झेड दोनदा दाबलं. एकदा चिकटवलेलं निघालं, दुसऱ्यांदा कापलेलं परत आलं, आणि काका मुकाट दोनशे अठ्ठ्याऐंशीवर जाऊन बसले.

मग काय, रीतच पडली. कानोकानी बातमी गेली, नेमकी काय ते कोणी सांगेना, पण 'अण्णांना भेटून या' एवढं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. येणारा मोकळ्या हाताने येईना. वाल आले, नाचणीचे पापड आले, एकदा जिवंत कोंबडा आला आणि पाच दिवस गॅलरीत आरवत राहिला. एकतीस घरं त्या दोन महिन्यांत पहिल्या पानावर बसून गेली. एकदा अण्णांनी घाईत झेड तीनदा दाबलं तेव्हा कोंडूतात्यांच्या कार्याचा एक अख्खा परिच्छेद उडाला आणि पुन्हा लिहावा लागला. त्या दिवशी त्यांनी परिपत्रकात लाल शाईने नियम घातला: 'झेड दोनदाच. कमी नाही, जास्त नाही.'

"बाबा, हे बरं नाही," योगिनी एकदा म्हणाली. "छापून आल्यावर काय करणार?"

"छापून येईपर्यंत लोक विसरतात," अण्णा म्हणाले. हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

फाईल छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी रंगूबाई पदराला हात पुसत खोलीत आल्या.

"आता तरी दाखवा. तीस जन बगून गेलं. मी घरातली, मीच राह्यले."

अण्णांना एकदम ओशाळल्यासारखं झालं. सहा महिन्यांत बायकोने शेकडो कप चहा केला होता, आणि एकदाही 'आमचं पान कितवं' म्हणून विचारलं नव्हतं. हिलाही तेवढं सुख द्यावं, पहिल्या पानावर नाव दाखवावं, असं त्यांना मनापासून वाटलं. "बस," ते म्हणाले. "दाखवतो."

"चष्मा आनते," म्हणून रंगूबाई आत गेल्या. तेवढ्यात अण्णांनी कंट्रोल-एफ करून 'धसई' टाकलं, तीनशे सत्त्याण्णवावं पान आलं, त्यांनी ते पूर्ण निवडलं आणि कापलं. पान नाहीसं झालं. आता माथ्यावर जाऊन चिकटवायचं, एवढंच बाकी होतं, आणि दारावरची घंटा वाजली.

किन्हवलीचा पंढरी पडवळे दारात उभा होता, हातात लाल माठाची जुडी. संध्याकाळी तो मुरबाडला बहिणीकडे मुक्कामाला चालला होता, म्हटलं जाता जाता आपलं पान बघावं. रंगूबाई चष्मा लावून बाहेर आल्या, पंढरीला बघितलं, चष्मा काढला आणि चहा टाकायला आत वळल्या. अण्णांनी सवयीने पंढरीचं नाव टाकलं, पान काढलं, कापलं, वर नेलं, चिकटवलं. पंढरी गहिवरला. "कुणाला बोलू नका," अण्णा म्हणाले. पंढरी चहा प्यायला आत गेला, अण्णांनी झेड दाबलं. दोनदा. कमी नाही, जास्त नाही. आणि कंट्रोल-एस केलं.

पंढरी मुरबाडलाच चाललाय म्हटल्यावर फाईल त्याच्याच हाती पेनड्राइव्हवर छापखान्यात पाठवली गेली. संगणक बंद झाला.

"आपलं राह्यलं बगायचं," रंगूबाई कप उचलताना म्हणाल्या.

"आता छापलेलंच बघ," अण्णा म्हणाले. "पडद्यावरचं काय खरं असतं!"

चार दिवसांनी मुरबाडहून छापखान्याच्या स्वरूपचा फोन आला. "अण्णा, प्रूफ बगून जावा. अनुक्रमणिकेत नि फाईलमधी एका पानाचा फरक येतोय. तीनशे शहान्नवच्या पुढं एक पान कमी पडतंय."

अण्णांना राग आला. चौतीस वर्षांत त्यांनी तपासलेल्या कागदावर कुणी फेरतपासणीचा शब्द काढला नव्हता. "माझ्याकडून तपासून आलेलं आहे," ते म्हणाले. "एखादी जाहिरात टाका तिथे. आकडा जुळला की झालं." आकडा जुळला.

प्रकाशन आवळेटेपला देवीच्या देवळापुढे मांडव घालून झालं. रंगूबाई नवं पातळ नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. धसईहून त्यांनी मुद्दाम आपल्या भावाला बोलावून घेतलं होतं, का ते त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. कोंडूतात्यांनी मूळपुरुषावर पाच मिनिटं आणि स्वतःवर पाऊण तास भाषण केलं. मग तीनशे प्रती वाटल्या गेल्या, आणि मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांनी एकाच वेळी पहिलं पान उघडलं.

तिथे एकटा मूळपुरुष कान्हा होता. पंढरीने ग्रंथ उलटा करून मागच्या बाजूने उघडून बघितला. तिथे ट्रॅक्टरची जाहिरात होती.

"अण्णा," गोमाकाका उभे राहिले, "माझं पान पयलं व्हतं. मी ह्या डोल्यांनी बगितलंय."

"तुमचं?" मधूनच एक आवाज आला. "पयलं आमचं व्हतं!"

"अरे, मी कोंबडा दिलता!"

एकतीस माणसं उभी राहिली, आणि एकतीस माणसांना एकदम समजलं की आपण एकटे नव्हतो. मांडवात जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही. 'ठरावाप्रमाणे' हा शब्द अण्णांनी सात वेळा उच्चारला, पण तो कोणी ऐकला नाही. शेवटी कोंडूतात्यांनी माईक हातात घेतला. त्यांचं पान दुसरंच होतं, त्यामुळे त्यांचा आवाज खणखणीत होता.

"लोकान्ला फसवलंत ते फसवलंत. आता सोताला कुठं घातलंय ते बगू द्या! अनुक्रमणिका काडा रे!"

अनुक्रमणिकेत होतं: ज्ञानेश्वर पडवळे आणि परिवार, शहापूर, पान ३९७. तीनशे ग्रंथांची पानं फडफडली. तीनशे सत्त्याण्णवाव्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'जेसीबी व पोकलेन भाड्याने मिळेल', आणि खाली जेसीबीचा रंगीत फोटो.

आधी एक जण हसला. मग सगळा मांडव हसला. लोकांचा राग तिथेच निवळला, कारण सगळ्या पडवळ्यांत एकच घर असं निघालं की ज्याला पानच नाही, आणि ते संपादकाचं. धोंडीराम हसता हसता खुर्चीवरून घसरले. फक्त रंगूबाई हसल्या नाहीत. त्या चष्मा लावून अनुक्रमणिकेतला आकडा बघत होत्या, मग पानावरचा, मग पुन्हा अनुक्रमणिकेतला. शेजारी भाऊ काही न कळून जेसीबीकडे बघत होता.

योगिनी अण्णांच्या कानाशी आली. "बाबा, त्या दिवशी झेड किती वेळा दाबलं?"

"दोनदा. नियमाप्रमाणे."

"आणि कापलं किती वेळा?"

अण्णांनी मनात हिशोब केला. कापलं होतं दोनदा, एकदा घरचं आणि एकदा पंढरीचं, आणि पंढरीपुरतं सगळं जागच्या जागी गेलं होतं. त्यांना पहिल्यांदा खरीखुरी लाज वाटली. एकतीस जणांना खोटं पान दाखवताना ती वाटली नव्हती. जिला खरं दाखवायला निघाले तिचंच त्यांनी कापून टाकलं होतं, वर तिथे जाहिरात टाका म्हणून आपल्याच तोंडाने सांगितलं होतं.

आता उपाय सुचवायला सगळेच पुढे झाले. शुद्धिपत्रक काढता येईल, पण त्याला बैठक बोलवावी लागेल आणि ठराव लागेल, असं कोंडूतात्या म्हणाले. भाताची कामं उरकल्याशिवाय गणसंख्या होणार नाही, हेही म्हणाले. धोंडीरामांनी टिकल्यांचा उल्लेख केला. रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठल्या.

"पेन हाय का कुनाकडं?"

पेन आलं. त्यांनी आपली प्रत अण्णांसमोर टेबलावर ठेवली आणि पहिलं पान उघडलं. मूळपुरुषाच्या नावाच्या वर दोन बोटं कोरी जागा होती. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"हितं लिवा."

"रंगूबाय, ते मूळपुरुषाचं पान," कोंडूतात्या म्हणाले.

"मग मूळपुरुषानं सा महिनं चा पाजला का ह्या समद्यान्ला?"

तो चहा सगळ्यांनीच प्यायला होता. गोमाकाकांनी मान खाली घातली, आपली प्रत उचलली आणि टेबलापुढे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे पंढरी. बघता बघता देवळाच्या पायरीपर्यंत रांग लागली.

अण्णांनी रांगेकडे बघितलं आणि मग आशेने सुनेकडे. योगिनीने मान हलवली. "कागदावर कंट्रोल-व्ही नसतं, बाबा."

अण्णा लिहू लागले. 'रंगू ज्ञानेश्वर पडवळे, माहेर धसई.' पहिल्या दहा प्रतींत अक्षर कचेरीतल्यासारखं वळणदार आलं. विसाव्या प्रतीला बोटं दुखायला लागली. तिसाव्याला पेन संपलं, दुसरं आलं. रंगूबाई खुर्ची ओढून त्यांच्या खांद्यामागे बसल्या होत्या, चष्मा लावून, आणि प्रत्येक ओळ वाचत होत्या. कोणीतरी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी सावकाश बशीत ओतून घेतला.

बेचाळिसाव्या प्रतीवर अण्णांनी हळूच 'रंगू पडवळे' एवढंच लिहिलं आणि ग्रंथ मिटून पुढे सरकवला. मागून एक हात आला, ग्रंथ परत उघडला आणि पहिल्या पानावर बोट टेकवलं.

"माहेर राह्यलं," रंगूबाई म्हणाल्या.